वाचकांचे प्रश्न : शिशाचं पॉट घुमतंय, बंद करू का?

बंदुकीच्या बुलेट घरी ओतण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे, आणि तिथल्या आपल्या काही वाचकांनाही तो लागला आहे. त्यांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत, कारण सगळ्यांची तक्रार एकच : शिसं वितळवायचं विजेचं पॉट आवाज करतं. शेवटचं पत्र मालवणचं आहे. त्यातलं पॉट तेच असलं, तरी काम वेगळं आहे.

ओहायोहून एक वाचक : .38 कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप) बुलेट ओतण्यासाठी 20 पौंडी, 700 वॅटचं, तळातून ओतणारं नवं पॉट घेतलं. प्लग लावला की घूंऽऽ असा सलग आवाज सुरू होतो. थर्मोस्टॅटने वीज तोडली की आवाज थांबतो, जोडली की पुन्हा सुरू. रिकामं असताना जास्त घुमतं, शिसं भरल्यावर कमी. परत करावं का?

परत करू नका. तुम्ही वर्णन केलं आहे ती निरोगी पॉटची खूण आहे.

पॉटच्या भांड्याभोवती नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेचे किंवा पट्टीचे वेढे असतात, मधे अभ्रक किंवा सिरॅमिक. त्यातून सहा-एक अँपिअर प्रवाह वाहतो. लोखंडी गाभ्याभोवती वेढे आणि त्यात प्रवाह म्हणजे विद्युतचुंबकच झाला. कारखान्याने तो मुद्दाम बनवलेला नाही एवढंच. भांडं पोलादी, बाहेरचं कवच पातळ पोलादी पत्र्याचं. लोखंडाचं चुंबकत्व 770 अंश सेल्सियसला जातं आणि तुमचं शिसं 400 च्या वर क्वचितच जातं, म्हणून पॉट पूर्ण तापल्यावरही ही ओढ कायम राहते. शिशाला स्वतःला चुंबकाचं काही देणंघेणं नाही.

अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 आवर्तनं करते. प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी चुंबक पत्र्याला ओढतोच, त्यामुळे एका आवर्तनात दोन ओढी बसतात आणि आवाज 120 हर्ट्झचा निघतो. भारतात वीज 50 हर्ट्झची, तिथे तेच पॉट 100 वर घुमेल. गाणाऱ्यांसाठी जाता जाता : 100 चा षड्ज धरला तर 120 हा बरोबर कोमल गंधार.

खात्री करायची असेल तर हॅकसॉचं सुटं पातं घ्या. पॉट चालू असताना ते बाहेरच्या कवचाजवळ, न टेकवता, सैल धरा. बोटांना थरथर जाणवेल आणि वीज तुटताच ती थांबेल. पातं फटीतून किंवा भोकांतून आत मात्र घालायचं नाही, आणि तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच असायला हवा.

रिकामं असताना आवाज जास्त का? 20 पौंड म्हणजे नऊ किलो शिसं भांड्याला दाबून धरतं, त्याची थरथर खाऊन टाकतं. ते नसलं की भांडं आणि कवच दोन्ही मोकळे नाचतात. तापल्यावर आवाज बदलतो त्याचं कारणही यांत्रिकच आहे. नायक्रोमचा रोध तापल्यावर काही टक्केच वाढतो, म्हणजे प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतात ते सांधे : धातू फुगतो, काही जागा आवळल्या जातात, काही सैल पडतात. म्हणून पहिली दहा मिनिटं मोठ्याने घुमणारं पॉट नंतर शांत होतं, किंवा नेमकं उलटं होतं. दोन्हीत काळजीचं काही नाही.

ध्यानात ठेवायचा तो आवाजाचा स्वभाव. सलग, एका सुरातला, थर्मोस्टॅटबरोबर सुरू आणि बंद होणारा असेल तर सोडून द्या, कितीही मोठा असो. तुटक, खरखरीत, चरचरणारा किंवा थर्मोस्टॅट बंद झाल्यावरही चालू राहणारा असेल तर प्लग काढा, मग तो कितीही बारीक असो. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं मोफत ॲप टाकून पॉटजवळ धरलंत तर फरक डोळ्यांनी दिसतो. निरोगी पॉटमध्ये 120, 240, 360 अशा ठरावीक जागी उभे सुळके येतात. ठिणगी उडत असेल तर सगळीकडे गवतासारखी भर दिसते.

आणखी एक मोजणी नवेपणीच करून ठेवा. प्लग काढून, पॉट थंड असताना, थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवून प्लगच्या दोन चपट्या पिनांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. 120 व्होल्टवर 700 वॅट म्हणजे सुमारे 20.6 ओहम, 500 वॅटच्या दहा पौंडी पॉटला सुमारे 29. आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला हाताशी राहील.

टेक्सासहून : आमचं गॅरेज झोपायच्या खोलीला लागून आहे. आवाज धोक्याचा नाही हे मान्य, पण रात्री तो भिंतीतून येतो. कमी कसा करायचा?

आधी पॉट कशावर ठेवलंय ते बघा. बहुतेक वेळा घुमतं ते टेबल. पॉट फक्त त्याला हलवतं. पातळ पत्र्याचं टेबल किंवा पोकळ फळी 120 हर्ट्झला सुरेख साथ देते. पॉट हातमोजा घालून टेबलावरून किंचित उचला (रिकामं आणि थंड असताना, चालू करून काही सेकंदच). आवाज एकदम पडला तर दोष टेबलाचा.

उपाय असा. दीड-दोन इंच जाडीचा लाकडी पाट घ्या, त्यावर अर्धा इंच जाडीचा सिमेंट बोर्ड (बाथरूमच्या टाइलखाली घालतात तो) टाका आणि पॉटच्या तळाची भोकं वापरून पॉट या जोडीला स्क्रूने बांधा. पाटाखाली वेल्डिंग ब्लँकेटची दुहेरी घडी ठेवा. पाट आणि टेबल क्लॅम्पने धरा. ही बांधणी नुसत्या आवाजासाठी नाही. तळातून ओतणारं भरलेलं पॉट डोक्याकडे जड असतं आणि दांडा ओढताना कलंडू शकतं. बांधलेलं नसेल तर आज बांधा, आवाजाचं उद्या बघू.

रबरी पाय किंवा साध्या सिलिकॉनचे ठोकळे पॉटच्या थेट खाली लावू नका. बाथरूममधलं सिलिकॉन इथे टिकत नाही, आणि जास्त तापमानाचं लाल सिलिकॉनही भांड्याला टेकलं तर जळतं.

टेबल निर्दोष निघालं तर मग कवच. पॉट चालू असताना कोरड्या लाकडी काठीने कवचाचा प्रत्येक भाग हलके दाबत जा. जिथे दाबल्यावर सूर बदलतो किंवा बंद होतो, तिथे सैलपणा आहे. जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. मग शिसं पूर्ण काढा : गरम असताना इनगॉटच्या, म्हणजे शिशाच्या विटांच्या, साच्यांत ओतून घ्या, कारण भरलेलं पॉट उलटंपालटं करणं म्हणजे आतली दांडी आणि तोटी वाकवणं. प्लग काढा आणि पुरतं थंड होऊ द्या. पॉटची जाड भिंत बाहेरून गार वाटली तरी आत ऊब राहते, तेव्हा घाई नको.

कवचाचे स्क्रू आवळताना हात आवरा. पत्रा आणि भांडं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यांना थोडी हालचाल लागते. करकचून आवळलेला स्क्रू चार वेळा तापून-थंड होऊन पत्र्याचा आटा मोकळा करतो, आणि मग तो कधीच बसत नाही. स्प्रिंग वॉशर घाला, बसेपर्यंत फिरवा, वर पाव फेरा, बस्स. जिथे पत्रा पत्र्यावर वाजतो तिथे अभ्रकाचा पातळ तुकडा किंवा सिरॅमिक फायबरची बारीक दोरी सरकवा. फायबर कापताना मास्क हवा. पॉट 1980 च्या आधीचं, कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून आणलेलं असेल तर आतला पांढरा-करडा कागदी थर छेडू नका. तो ॲसबेस्टॉस असू शकतो.

एलिमेंटभोवतीच्या मोकळ्या जागेत ग्लासवूल ठासून भरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. आवाज जातो खरा, पण तारेची उष्णता बाहेर पडायची वाट बदलते, थर्मोस्टॅटला चुकीचं तापमान कळतं आणि तार एखाद्या ठिकाणी पांढरी तापून तुटते.

मिशिगनहून : थर्मोस्टॅट फार हेलकावे घेतो म्हणून आधी दिव्याचा डिमर जोडून पाहिला. आवाज भयंकर वाढला. आता पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून वीज तोडत-जोडत राहणारा) जोडलाय, तर पॉट थांबून थांबून हुंकार देतं. दोन्हीचा अर्थ काय?

डिमर काढलात हे फार बरं झालं. डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा पुढचा भाग कापून टाकतो. निम्म्यावर ठेवलात की तो व्होल्टेजच्या ऐन शिखरावर वीज जोडतो, प्रवाह शून्यातून एका झटक्यात वर जातो. पत्र्याला मऊ ओढीऐवजी सेकंदाला 120 हातोडे बसतात, म्हणून गुणगुणीची भणभण होते. पॉटचं त्यात फार बिघडत नाही, डिमरचं बिघडतं : भिंतीतले साधे डिमर बहुधा 600 वॅटचे असतात आणि तुमचं पॉट 700 चं.

पीआयडीचं वागणं मात्र योग्य आहे. त्याला जोडलेला सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर, व्होल्टेज शून्यावरून जात असतानाच जोडतो आणि तोडतो. दोन सेकंदांचा फेरा ठरवला असेल आणि 30 टक्के उष्णता हवी असेल तर पॉट 0.6 सेकंद हुंकारतं आणि 1.4 सेकंद गप्प राहतं. तापमान गाठत आलं की हुंकार आखूड होत जातात. कान सरावले की आकडा न बघताच भट्टी कुठवर आली ते कळतं.

जोडणीत चार गोष्टी तपासा. पहिली : कंट्रोलर एसएसआरसाठीचा, म्हणजे 12 व्होल्ट डीसी बाहेर देणारा आहे ना? आतच यांत्रिक रिले असलेला प्रकारही त्याच चेहऱ्याने मिळतो. त्याला दोन सेकंदांचा फेरा दिलात तर टकटक करत तो थोड्याच महिन्यांत मरेल. त्याचा फेरा निदान 20 सेकंद ठेवावा लागतो. दुसरी : एसएसआर 25 अँपिअरचा घ्या आणि ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर बसवा. सहा अँपिअरला 25 चा कशाला, असं वाटेल. पण बाजारातल्या स्वस्त मालावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

तिसरी गोष्ट थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन तारांच्या जोडीची. के-प्रकारच्या अमेरिकी तारांत पिवळी धन आणि लाल ऋण असते. इतर सगळ्या विजेच्या कामात लाल म्हणजे धन हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की तारा हमखास उलट्या लागतात. मग पॉट तापेल तसा आकडा खाली जातो, कंट्रोलरला वाटतं अजून थंडच आहे, आणि तो वीज सोडतच राहतो. पहिल्यांदा चालू करताना टोक चिमटीत धरून बघा. बोटाच्या उबेने आकडा वर गेला पाहिजे.

चौथी : एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेकदा तुटत नाही, जुळूनच बसतो. कंट्रोलर शून्य मागत असतो आणि पॉट तापतच राहतं. म्हणून पॉट आणि एसएसआर यांच्या आधी हाताने तोडता येईल असा स्विच हवा आणि चालू पॉट सोडून जेवायला जायचं नाही. इथे सलग घूं हीच धोक्याची घंटा ठरते : तापमान गाठल्यावर हुंकार तुटक व्हायला हवेत, ते सलग राहिले तर प्लग काढा. क्वचित एसएसआर अर्धाच मरतो. मग आवाज जाडा, खालचा होतो, आलेखात 60 हर्ट्झचा मोठा सुळका दिसतो आणि पॉट निम्म्याच जोराने तापतं. रिले बदला.

पेनसिल्व्हेनियाहून : जुनं पॉट अनेक वर्षं नुसतं गुणगुणायचं. हल्ली ठरवलेल्या तापमानाजवळ आलं की खरर्र खरर्र असा आवाज येतो आणि लाल दिवा फडफडतो. शिसं वितळायलाही तासाच्या वर लागतो.

हा घुमण्याचा आवाज नाही, संपर्क तुटण्या-जुळण्याचा आहे. या पॉटमधला साधा थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची पट्टी. तापली की वाकते आणि संपर्क उघडतो. ती हळूहळू वाकते, खटका मारत नाही. त्यामुळे ठरवलेल्या तापमानाजवळ दोन टिकल्या केसाएवढ्या अंतरावर रेंगाळतात. त्याच वेळी पॉटची स्वतःची 120 हर्ट्झची थरथर त्यांना सेकंदाला कितीतरी वेळा टेकवते आणि सोडवते. प्रत्येक वेळी ठिणगी, प्रत्येक ठिणगीला चांदीचा कण गेला. खड्डे पडतात, रोध वाढतो, टिकल्या तापतात, आणखी खड्डे पडतात.

वितळायला किती वेळ लागावा याचा हिशेब सोपा आहे. नऊ किलो शिसं 20 अंशांवरून 400 पर्यंत न्यायला, वितळण्याची उष्णता धरून, अंदाजे 650 किलोज्यूल लागतात. 700 वॅटला हे सोळा-एक मिनिटांचं काम. हवेत जाणारी उष्णता धरली तर अर्धा तास. तास लागत असेल तर पूर्ण वीज एलिमेंटपर्यंत पोचत नाही.

प्लग काढून, पॉट रिकामं आणि थंड करून खालचं झाकण उघडा. थर्मोस्टॅटच्या टिकल्या आणि तारांची टोकं बघा. टिकल्या नुसत्या काळ्या असतील तर कोऱ्या जाड कागदाची पट्टी मधे धरून ओढा, दोन-चार वेळा. सॅंडपेपर नको, त्याचे कण टिकलीत रुततात. चांदी जाऊन खालचं तांबूस दिसत असेल तर थर्मोस्टॅट बदला, घासत बसू नका.

मग चपट्या टोप्या, म्हणजे स्पेड टर्मिनल. निळसर-काळी पडलेली, हाताने हलणारी टोपी पक्कडीने दाबून पुन्हा बसवू नका. तापून तिची स्प्रिंग गेलेली असते, आठवडाभरात पुन्हा सैल होईल. तार एक इंच मागे, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा आणि निकेलचा मुलामा दिलेलं पोलादी टर्मिनल क्रिंप करा. साधी कथिलाची कलई केलेली पितळी टर्मिनलं इथे चालत नाहीत. डाग देणं तर नकोच : नेहमीचं सोल्डर 183 अंशांना वितळू लागतं. तारही साधी पीव्हीसीची नको. अमेरिकेत टीजीजीटी नावाने मिळते ती 250 अंश सोसते, एमजी नावाची 450. एलिमेंटला चिकटून जाणारी तार एमजीच घ्या.

झाकण लावण्याआधी रोध मोजा. सुरुवातीच्या आकड्याच्या जवळ असेल आणि वायर हलवल्यावर काटा नाचत नसेल तर काम झालं.

फ्लोरिडाहून : सहा महिने शेडमध्ये पडून असलेलं पॉट लावलं. क्षणभर घुमलं, हलका सूंऽसूं आवाज आला आणि जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणारं) सॉकेट उडालं. दुसऱ्या साध्या सॉकेटला लावून तापवलं तर ठीक होईल का?

साध्या सॉकेटला अजिबात लावू नका. तुमचं पॉट बहुधा नळीच्या एलिमेंटचं आहे. अशा नळीत तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली असते आणि ती भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते. फ्लोरिडाच्या पावसाळ्यानंतर हे अपेक्षितच आहे, कोकणातही असंच होईल. ओल्या भुकटीतून थोडी वीज नळीत गळते. जीएफसीआय पाच मिलिअँपिअरच्या आसपास उडतं, म्हणजे त्याने आपलं काम केलं. साध्या सॉकेटला तीच गळती पॉटच्या अंगावर येईल, आणि अर्थिंगमध्ये खोट असली तर तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

वाळवणं सोपं आहे. रिकाम्या पॉटमध्ये जुन्या पद्धतीचा तारेचा 100 वॅटचा दिवा सोडून रात्रभर ठेवा, किंवा एलिमेंटच्या दोन्ही टोकांवर हेअर ड्रायरची गरम हवा तासभर सोडा. ओलावा टोकांतूनच आत शिरतो आणि तिथूनच बाहेर येतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये पॉट ठेवायचं नाही, कितीही पुसलेलं असलं तरी. त्याच्या प्रत्येक फटीत शिशाची भुकटी आहे.

नंतर 500 व्होल्टच्या मेगरने (विजेची गळती तपासणाऱ्या मीटरने) पिन आणि भांडं यांमधला रोध बघा, निदान एक मेगाओहम हवा. मेगर नसेल तर पुन्हा जीएफसीआयलाच लावा, टिकलं तर ठीक. दोनदा वाळवूनही उडत असेल तर नळीला चीर आहे, एलिमेंट बदला.

न्यू जर्सीहून : वितळलेल्या शिशात नवा इनगॉट सोडला की तडतड होते. ही विजेची की शिशाची? घरात दोन वर्षांचं मूल आहे म्हणून विचारते.

शिशाची, आणि या पानावरच्या सगळ्या आवाजांत सर्वांत वाईट. इनगॉटवर दव, घाम किंवा पावसाचं पाणी असलं तर ते वितळलेल्या शिशाखाली जाऊन एका क्षणात वाफ होतं आणि वरचं शिसं उडवतं. तडतड म्हणजे पाणी थोडं होतं. जास्त असतं तर पॉट अर्धं रिकामं झालं असतं, तुमच्या दिशेने. इनगॉट आधी पॉटच्या काठावर किंवा हॉटप्लेटवर तापवून, हाताला धरवणार नाही इतका झाल्यावर, चिमट्याने हळूच सोडा. गाडीच्या चाकांची वजनं (चाकाचा तोल साधायला लावतात ती, शिशासाठी वितळवतात) थेट भरलेल्या पॉटमध्ये टाकू नका; ती वेगळ्या भांड्यात, थंड असल्यापासून वितळवून आधी इनगॉट करा. तापमान 370 अंशांच्या वर नको, म्हणजे त्यातली जस्ताची वजनं (जस्त 419 ला वितळतं) वर तरंगतील आणि काढता येतील.

मुलाबद्दल : शिशाची वाफ या तापमानाला नगण्य असते. धोका आहे तो मळीच्या, म्हणजे वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या कचऱ्याच्या, करड्या भुकटीचा. ती कपड्यांवरून, बुटांवरून घरात जाते आणि रांगत्या मुलाच्या तोंडात. पॉट गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवून. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं फेकायचं. तिथले कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर, हात साबणाने आणि मग जेवण. मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) 2021 पासून मुलांसाठी लक्ष देण्याची पातळी दर डेसिलीटरला 3.5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

मालवणहून : भावाने अमेरिकेतून त्याचं जुनं 120 व्होल्टचं, 700 वॅटचं पॉट आणलंय. पागाला (मासे धरायच्या फेकजाळ्याला) लावायच्या शिशाच्या गोळ्या त्यात ओतायच्या आहेत. सोबत बुलेटचे दोन साचेही आहेत. इथल्या विजेवर चालेल का? ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला तर पॉटपेक्षा तोच जास्त घुमतो.

230 व्होल्टला थेट लावलंत तर पॉट 700 ऐवजी 2,570 वॅट ओढेल आणि काही मिनिटांत एलिमेंट जाईल. ट्रान्सफॉर्मर लागणारच; 700 वॅटसाठी निदान 1,000 व्हीएचा. 50 की 60 हर्ट्झ याने पॉटला फरक पडत नाही, तापणारी तार आवर्तनं मोजत नाही. ट्रान्सफॉर्मरला मात्र पडतो. तोही अमेरिकेतून आणलेला आणि त्यावर फक्त 60 हर्ट्झ लिहिलेलं असेल, तर 50 वर त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, तो जोरात घुमतो आणि पॉट न जोडताही तापतो. 50 हर्ट्झ किंवा 50/60 लिहिलेला इथलाच घ्या. बहुतेक स्वस्त ट्रान्सफॉर्मर एकाच वेढ्याचे असतात, त्यांत इकडची वीज तिकडे वेगळी होत नाही. म्हणून अर्थिंगची तार पॉटच्या कवचापर्यंत सलग जाते का ते मीटरने बघा आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. खर्चाचा हिशेब केला तर स्थानिक कारागिराकडून 230 व्होल्टचं एलिमेंट वेढून घेणं बहुधा स्वस्त पडेल : 700 वॅटसाठी सुमारे 75 ओहम सांगा.

पागाच्या गोळ्यांना मऊ, शुद्ध शिसंच चांगलं, दोरीवर चेपता येतं. 350 ते 380 अंश पुरे. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या मात्र वितळवू नका. त्यांतल्या आर्सेनिक आणि अँटिमनीमुळे मळीला पाणी लागलं की अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. शिवाय 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवी.

साच्यांचं वेगळं सांगावं लागेल. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बुलेट ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकण्याच्या धंद्यासाठी बुलेट किंवा काडतुसं बनवली तर लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते, आणि पाचव्या कलमाप्रमाणे विनापरवाना निर्मिती गुन्हा आहे. भावाला सांगा, साचे कपाटात ठेवायचे नाहीत. वकिलाचा सल्ला घेऊन ते जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी नोंद करून जमा करा आणि पोच घ्या. पॉट ठेवायला हरकत नाही. गोळ्यांसाठी स्थानिक लोहाराकडून दोन फाळ्यांचा साधा लोखंडी साचा करून घ्या, मधल्या भोकासाठी तीन मिलिमीटरची सळई घालायची सोय ठेवून. पहिल्या ओतण्याआधी साच्याला मेणबत्तीची काजळी धरा आणि तो तापवून पूर्ण कोरडा करा, नाहीतर पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या निघतील.